रेडिएशनमध्ये खाडा: या चुका टाळा

तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरसाठी शेक (म्हणजे रेडिएशन) सुरू झाला की साधारण चौथ्या आठवड्यात दोन गोष्टी एकदमच घडतात. तोंड इतकं सोललेलं असतं की पाणीही गिळवत नाही, आणि त्याच सुमारास उरलेल्या कॅन्सरच्या पेशी आधीपेक्षा वेगाने वाढू लागतात. पहिली गोष्ट पेशंटला सोसावी लागते, दुसरी कोणालाच दिसत नाही. म्हणून खाडा नेमका याच दिवसांत पडतो, आणि याच दिवसांतला खाडा सर्वांत महागात जातो.

रेडिएशनचे अभ्यासक विदर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये हे आकड्यांत मांडलं. चार आठवड्यांनंतर उपचार लांबला, तर प्रत्येक जादा दिवसाच्या भरपाईला सुमारे ०.६ ग्रे (ग्रे हे रेडिएशन मोजायचं माप) डोस लागतो. रोजचा डोस असतो २ ग्रे. म्हणजे वाया गेलेला एक दिवस रोजच्या डोसचा जवळजवळ तिसरा हिस्सा खातो. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये अशा प्रत्येक दिवसामागे गाठ आटोक्यात राहण्याची शक्यता सरासरी दीड टक्क्याच्या आसपास घटते.

‘राहिलेले शेवटी घेऊ’

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. ३५ शेक, ७० ग्रे, सोमवारी सुरुवात, शनिवार-रविवार सुटी, असा हिशेब धरा. सगळं सुरळीत झालं तर शेवटचा शेक ४७व्या दिवशी, शुक्रवारी होतो. आता पाचव्या आठवड्यात बुधवार, गुरुवार, शुक्रवार बुडाले आणि ते तीन शेवटी जोडले, तर मध्ये शनिवार-रविवार येतो आणि उपचार ५२व्या दिवशी संपतो. बुडाले तीन, लांबले पाच. शेक ३५ पूर्ण झाले म्हणून घरचे निश्चिंत असतात, पण बिघाड मोजणीतच असतो. घरच्या कॅलेंडरवर शेकांचे आकडे लिहिता तसे पहिल्या दिवसापासूनचे दिवसही लिहा, आणि ठरलेली शेवटची तारीख लाल पेनाने गोल करून ठेवा.

भरपाईचे खरे मार्ग दोन. एक, शनिवारी शेक. वरच्या उदाहरणात पाचव्या, सहाव्या आणि सातव्या आठवड्यातले शनिवार वापरले तर उपचार ४८व्या दिवशी संपतो, पाचाऐवजी एकच दिवस उशीर. दोन, एकाच दिवशी दोन शेक. त्यांत किमान सहा तास हवेत: पहिला सकाळी ९ ला, तर दुसरा दुपारी ३ नंतर. एवढ्या वेळात निरोगी पेशी आपली झीज बऱ्याच अंशी भरून काढतात. घाईने अंतर कमी केलं तर त्याची किंमत पुढे मज्जारज्जू आणि जबड्याच्या हाडाला मोजावी लागते. नुसता डोस वाढवण्यातही हाच धोका आहे. यातलं काय आणि किती करायचं, ते डॉक्टर आणि फिजिसिस्ट (डोसचा हिशेब करणारे तज्ज्ञ) मिळून ठरवतात. तुम्ही फक्त खाडा पडला त्याच दिवशी विचारा, ‘हा दिवस कधी भरून काढायचा?’ शेवटच्या आठवड्यात विचारलं तर हातात शनिवारच उरलेले नसतात.

केमो थांबली म्हणून शेकही थांबवणं

रक्तातल्या पेशी कमी झाल्या, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलं, की आठवड्याची केमो पुढे ढकलतात. अनेकजण ‘आज होणार नाही’ एवढंच ऐकतात आणि घरी परततात. केमो आणि शेक हे दोन वेगळे निर्णय आहेत. बहुतेक वेळा केमो टळली तरी शेक चालूच ठेवायचा असतो. डे-केअरमधून निघण्याआधी रेडिएशनच्या खिडकीवर जाऊन विचारा.

तोंड सोललं म्हणून घरी बसणं

वेदना हे डॉक्टरांना गाठायचं कारण आहे, शेक बुडवायचं नव्हे. गुळण्या पहिल्या दिवसापासून हव्यात: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा, दर दोन-तीन तासांनी. जेवणाआधी लावायचं बधिर करणारं जेल आणि वेदनेची औषधं मागून घ्या. वजन दर आठवड्याला करा. ते सतत उतरत असेल तर नाकातून नळी घालायला नाही म्हणू नका. नळीची भीती समजण्यासारखी आहे, पण तिनेच पुष्कळांचा उपचार वेळेत पूर्ण होतो. वजन फार उतरलं की शेक घेताना डोकं स्थिर ठेवणारा चेहऱ्याचा मास्क सैल होतो, पुन्हा सीटी आणि नवं प्लॅनिंग करावं लागतं, आणि त्यातही दिवस जाऊ शकतात. मास्क हलतोय असं वाटलं तर टेक्निशियनला लगेच सांगा.

गर्भाशयमुखाचा कॅन्सर: आतला शेक मागे पडणं

इथे बाहेरचा (मशीनमधून) आणि आतला (शरीराच्या आतून दिलेला, ब्रेकीथेरपी) शेक मिळून ५६ दिवसांत संपवायचा असतो. मुदत टळली की आजार आटोक्यात राहण्याच्या शक्यतेचं दिवसामागे अर्धा ते एक टक्का नुकसान. बाहेरचे २५ शेक ३३व्या दिवशी संपतात. त्यानंतर दोन आठवडे विश्रांती घेतली आणि मग दर आठवड्याला एक असे आतले चार शेक घेतले, तर शेवटचा जातो ६८व्या दिवसावर. म्हणून आतल्या शेकाच्या तारखा तिसऱ्या आठवड्यातच मागा. आठवड्यातून दोन घेता येतील का, तेही विचारा.

सोय न करता सुरुवात करणं

ऑपरेशननंतर शेक सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावा. किडलेले दात काढायचे असतील तर जखम भरायला दहा ते चौदा दिवस लागतात, म्हणून दंतवैद्याकडे आधीच जा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रंही याच काळात पूर्ण करा. मुंबईत टाटाला उपचार असतील तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी राहायची चौकशी नाव नोंदवतानाच करा. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला रेल्वेत सवलत मिळते, तिचा फॉर्म हॉस्पिटलमधून भरून घ्या.

गणपती, दिवाळी, गावची जत्रा, पेरणी या तारखा घेऊन पहिल्याच भेटीत बसा. सेंटर कोणत्या दिवशी बंद, त्याची भरपाई शनिवारी होणार का, मशीन बिघडलं तर दुसऱ्या मशीनवर घेणार का, हे तेव्हाच विचारा. स्तनाच्या आणि प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये एखाद्या दिवसाने इतका फरक पडत नाही, हाडाच्या दुखण्यासाठी दिलेल्या शेकात त्याहून कमी. मशीन अर्धा दिवसच चालणार असेल, तर तोंड, घसा आणि गर्भाशयमुखाच्या पेशंटना आधी घ्यायला हवं, आणि तुम्ही त्यांच्यातले असाल तर तसं स्पष्ट सांगायला संकोचू नका.