दहा गिगाबिटचं नेटवर्क: कार्डाआधी केबल खरवडून बघा

आधी फाइली कशावर आहेत ते बघा. १ गिगाबिटच्या लाइनीतून सेकंदाला साधारण ११० मेगाबाइट जातात, १० गिगाबिटच्या लाइनीतून हजाराच्या पुढे. डेटा एकट्या फिरत्या हार्ड डिस्कवर असेल तर ती डिस्कच २००-२५० ला अडते, म्हणून तिथे अडीच गिगाबिट पुरे. १० चा खर्च एसएसडी असेल तरच करा.

अडीचचं नेटवर्क कार्ड मदरबोर्डवरच्या छोट्या एक्स-१ स्लॉटमध्ये चालतं. १० गिगाबिटच्या कार्डासाठी मी चार लेनचा, म्हणजे डेटाच्या चार वाटा असलेला, स्लॉट धरतो. स्लॉटच्या लांबीवर जाऊ नका. लांब एक्स-१६ स्लॉटला आत चार, कधी एकच लेन जोडलेली असते. मदरबोर्डचं मॅन्युअल वाचा. सर्व्हरमधून निघालेली जुनी इंटेल एक्स५४० कार्डं चांगली असतात, पण त्यांना १ आणि १० च्या मधला वेग येत नाही. अडीचच्या स्विचला जोडली की थेट १ वर उतरतात.

आता केबल. बहुतेकांचे पैसे इथेच बुडतात.

एका स्टुडिओत मी चाळीस मीटरची लाइन ओढली होती. खोक्यावर कॅट ६ (नेटवर्क केबलचा दर्जा; ५ई त्याखालचा, ६ए त्यावरचा) छापलेलं. लिंक कधी १ गिगाबिट, कधी १०० मेगाबिट. दोन कार्डं बदलली, ड्रायव्हर बदलले, स्विचवर संशय घेतला. तिसऱ्या दिवशी केबलचं टोक कापलं, तार ब्लेडने खरवडली, तर आत पांढरी. वरून तांब्याचा मुलामा, आत ॲल्युमिनियम. अख्खी लाइन काढून पुन्हा ओढावी लागली.

ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साधारण ६० टक्के, म्हणून लांब अंतरावर सिग्नल क्षीण होतो. तार ठिसूळ असते, जॅकमध्ये दाबताना तुटते. त्याच केबलमधून कॅमेऱ्याला वीज दिली तर केबल जास्त तापते. ‘सीसीए’ (तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम) असं लिहिलेली केबल स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. न लिहिलेलीही खरवडल्याशिवाय घेऊ नका. आतपर्यंत लाल दिसलं पाहिजे. दुकानदार टोक कापू देत नसेल तर दुसरं दुकान गाठा, आणि बिलावर ‘प्युअर कॉपर’ लिहून घ्या.

१० गिगाबिट कॅट ६ वर फार तर ५५ मीटर जातं, केबलींचा जुडगा असेल तर त्याहून कमी. नवीन ओढताय तर कॅट ६ए घ्या, ती १०० मीटरला पुरते. भिंतीत आधीच चांगली कॅट ५ई असेल तर उगाच फोडाफोड नको; २०१६ मध्ये आलेलं अडीच गिगाबिटचं मानक तिच्यावर १०० मीटर चालावं असंच बनवलंय.

जोडायची दोन्ही यंत्रं एकाच टेबलाखाली असतील तर एसएफपी प्लस (वेगळ्या प्रकारच्या खाचेची) कार्डं आणि दोन मीटरची डीएसी, म्हणजे दोन्ही टोकांना प्लग बसवूनच येणारी तांब्याची केबल घ्या. आरजे४५ वाल्या, म्हणजे नेहमीच्या नेटवर्क जॅकच्या, कार्डांपेक्षा बरीच कमी तापतात.

केबल पसरली, जॅक लावले की दोन्ही टोकांच्या यंत्रांवर आयपर्फ३ (लाइनीचा वेग मोजणारा प्रोग्राम) दहा मिनिटं चालवा. १० च्या लाइनीवर ९.४ गिगाबिटच्या आसपास आकडा स्थिर राहिला की मगच केबलच्या केसिंगचं झाकण बसवा.