अंगावर पाजणाऱ्या आईच्या स्तनात गाठ आली तर: तपासणी कशी करावी, नमुना कसा पाठवावा

मी सांगलीत पॅथॉलॉजिस्ट आहे. आसपासच्या तालुक्यांतून स्तनाच्या गाठींचे नमुने माझ्याकडे येतात. सोबतच्या चिठ्ठीवर पुष्कळदा एवढंच असतं: वय, उजवा की डावा स्तन, 'गाठ'. बाई बाळंत होऊन चार महिने झालेत, बाळ अंगावर पितंय, हे कुठेही लिहिलेलं नसतं. तालुक्याच्या ठिकाणी काम करणारे तरुण डॉक्टर आणि सिस्टर यांच्यासाठी मी हे लिहितेय. ज्या आईच्या हाताला गाठ लागली आहे, तिनेही वाचावं आणि यातलं जे आपल्या बाबतीत झालं नसेल ते हक्काने विचारावं.

ती एक ओळ एवढी महत्त्वाची का? दूध तयार करणाऱ्या पेशींची केंद्रकं मोठी होतात, त्यांत ठळक ठिपके दिसतात, पेशी सहज फुटतात आणि एकेकट्या विखुरतात. बारीक सुईने घेतलेल्या नमुन्यात, म्हणजे एफएनएसीत, हे चित्र कर्करोगासारखं वाटू शकतं. ती पाजते हे माहीत असेल तर आम्ही सावध राहतो. माहीत नसेल तर निरोगी आईच्या हातात भलताच रिपोर्ट पडण्याची भीती असते.

याच्या उलटी चूक मात्र घरोघरी होते. 'दूध साकळलंय, शेक दे, बाळाला जास्त पाज.' बहुतेक वेळा ते खरंही असतं. दुधाची नळी तुंबणं, दुधाने भरलेली गाठ (गॅलॅक्टोसील), स्तनदाह, गळू, लॅक्टेटिंग अडेनोमा (पाजण्याच्या काळात दूधग्रंथींची होणारी साधी गाठ), आधीपासूनच असलेला आणि गरोदरपणात वाढलेला फायब्रोअडेनोमा (तरुण वयातली साधी, हलणारी गाठ), यांतलंच काहीतरी निघतं. पण तुंबलेली नळी दोन-तीन दिवसांत मोकळी व्हायला लागते. गाठ दोन आठवडे टिकली, तर पुढची पायरी सोनोग्राफी. आणखी शेक नव्हे. स्तनदाहावर अँटिबायोटिक दिलं, तर ४८ ते ७२ तासांनी स्तन पुन्हा डोळ्यांनी पाहा. उतार नसेल तर सोनोग्राफी करून आत पू आहे का ते बघा. पूही नाही आणि लालीही जात नाही, अशा वेळी तिसरं अँटिबायोटिक लिहू नका. संत्र्याच्या सालीसारखी झालेली, झपाट्याने लाल होत गेलेली त्वचा ही इन्फ्लमेटरी कर्करोगाची, म्हणजे सुजेसारख्या दिसणाऱ्या स्तनाच्या कर्करोगाची, खूण असू शकते. तिथे आतल्या गाठीबरोबर त्वचेचाही छोटा तुकडा तपासायला हवा.

सोनोग्राफीच्या आधी बाळाला पाजून घ्यायला सांगा. स्तन रिकामा असला की चित्र स्वच्छ येतं, आईलाही दुखत नाही. संशय असेल तर मॅमोग्राफीही करता येते; तिच्यामुळे दुधाला काही होत नाही, पाजणं थांबवावं लागत नाही. फक्त दाट स्तनात तिला कमी दिसतं, म्हणून 'मॅमोग्राफी नॉर्मल' एवढ्यावर हाताला लागणारी गाठ सोडून देऊ नये. रिपोर्टमध्ये बायरॅड्स (कर्करोगाचा संशय किती, हे सांगणारा आकडा) ४ किंवा ५ लिहिलं असेल, तर बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं, लगेच. बाळाचं दूध सुटेपर्यंत थांबू, असं कुणीही म्हणू नये.

आता दुर्मिळ गाठींबद्दल, कारण उशीर तिथेच होतो. फायलोड्स ट्यूमर फायब्रोअडेनोमासारखाच गुळगुळीत, हलणारा लागतो, पण आठवड्या-आठवड्याला वाढतो. सुईच्या नमुन्यात तो फायब्रोअडेनोमा म्हणून निसटू शकतो. म्हणून वाढीचा वेग चिठ्ठीवर लिहा: 'महिन्यात लिंबाएवढी होती ती संत्र्याएवढी झाली' एवढं वाक्यही आम्हाला पुरतं. दोन्ही स्तन एकदम घट्ट, मोठे होत चालले आणि दूध काढूनही हलके होत नसतील, तर लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग) मनात आणा. बर्किट लिम्फोमा हा त्याचा झपाट्याने वाढणारा प्रकार गरोदर आणि पाजणाऱ्या बायकांत असा दिसल्याची नोंद आहे. त्याचा इलाज केमोथेरपी आहे, स्तन काढणं नव्हे. म्हणून आधी तुकडा तपासणं फार मोलाचं. त्वचेवर निळसर-जांभळी छटा असलेली, सहज रक्त येणारी गाठ अँजिओसार्कोमा (रक्तवाहिन्यांचा कर्करोग) असू शकते. आणि आपल्याकडे क्षयरोग व ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस (स्तनाचा एक जुनाट, गाठी करणारा दाह) हे दोघे कर्करोगाचं हुबेहूब सोंग घेतात, ते विसरू नका.

बायोप्सी जाड सुईची करा, शक्यतो १४ गेजची (गेज म्हणजे सुईच्या जाडीचं माप), सोनोग्राफीत बघत. एफएनएसीत सुट्या पेशी येतात. तुकड्यात त्यांची रचना दिसते, आणि पाजणाऱ्या बाईत निदान रचनेवरच ठरतं. आधी पाजून किंवा दूध काढून घ्या. जागा बधिर करायला लिग्नोकेन चालतं. सुई स्तनाग्रापासून दूर, बाजूने घाला. जखमेतून दूध झिरपत राहील ही भीती बरेच जण बोलून दाखवतात. तसं क्वचित होतं, झालं तरी बहुधा आपोआप भरून येतं, आणि त्यासाठी बायोप्सी टाळणं मला मुळीच पटत नाही. बायोप्सीनंतर पाजणं चालू ठेवू द्या. एकदम बंद केलं तर स्तन भरून येतो, दुखणं वाढतं.

तुकडे लगेच १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रवात) टाका, तुकड्यांच्या किमान दहापट द्रव घ्या. सलाईनमध्ये दिवसभर राहिलेल्या नमुन्यातून इआर, पीआर, हर-२ या (कर्करोगावर कोणता इलाज लागू पडेल हे सांगणाऱ्या) तपासण्या भरवशाने होत नाहीत. क्षयरोगाचा संशय असेल तर मात्र एक तुकडा वेगळ्या बाटलीत, सलाईनमध्ये, सीबीनॅट (क्षयाच्या जंतूंचा डीएनए शोधणारी तपासणी) आणि कल्चर (जंतू वाढवून पाहणं) यांसाठी पाठवा. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर होत नाही. चिठ्ठीवर लिहा: बाळ किती महिन्यांचं, पाजते का, गाठ कधी लक्षात आली, किती वेगाने वाढली, घरात कुणाला स्तनाचा किंवा बीजकोशाचा कर्करोग होता का, सोनोग्राफीत काय दिसलं, तुकडा फॉर्मॅलिनमध्ये किती वाजता टाकला.

रिपोर्ट आला की तो हाताला लागलेल्या गाठीशी आणि सोनोग्राफीशी ताडून पाहा. तिन्ही जुळले तरच निर्धास्त व्हा. लॅक्टेटिंग अडेनोमा निघाला तर पाजणं संपल्यावर तो आक्रसतो, पण तोवर सोनोग्राफीने त्याच्यावर नजर ठेवा. आम्ही 'साधी गाठ' लिहिलं आणि तुमच्या बोटांना ती कडक, चिकटलेली लागत असेल, किंवा ती वाढतच असेल, तर सरळ पॅथॉलॉजिस्टला फोन करा आणि दुसरी बायोप्सी घ्या. कर्करोग निघाला, तर केमोथेरपी सुरू होण्याआधी पाजणं थांबवावं लागेल, हे आईला त्याच दिवशी समजावून सांगा, म्हणजे बाळाला वरच्या दुधाची सवय लावायला तिला थोडे दिवस मिळतील.