बालविभागात पुस्तक सुचवताना या चुका टाळा

तालुक्याच्या गावातील ‘ब’ वर्गाच्या सार्वजनिक ग्रंथालयात बालविभाग सांभाळण्यात माझी बरीच वर्षे गेली. नव्याने कामाला लागलेले सहकारी त्याच त्या चुका करताना पाहून आता कंटाळा येतो. मात्र त्यांतली सर्वांत महागात पडणारी चूक मी स्वतः केलेली आहे.

ती चूक म्हणजे मुलासाठी पुस्तक निवडताना पालकांशी बोलत बसणे. सहावीतल्या एका मुलीला घेऊन तिचे वडील आले आणि म्हणाले, “मॅडम, हिला काहीतरी संस्कारक्षम द्या.” मुलगी टेबलाची कड नखाने कोरत होती. मी तिच्याकडे न बघताच ‘श्यामची आई’ची नोंद तिच्या नावावर केली. आठव्या दिवशी पुस्तक परत आले. “आवडले का?” या प्रश्नाला तिने मान डोलावली, म्हणून मी उत्साहाने एक चरित्र दिले, मग दुसरे दिले. तिसऱ्या खेपेला पुस्तक कपाटात ठेवताना त्यातून एसटीचे दुमडलेले तिकीट पडले. ते नवव्या पानावर होते, आणि त्यापुढची पाने अजून एकमेकांना चिकटलेलीच होती.

पुढे एका शनिवारी वडील वर्तमानपत्र चाळत असताना ही मुलगी जुन्या दिवाळी अंकांच्या ढिगाऱ्याशी उभ्या उभ्या विंचवावरचा लेख वाचताना दिसली. मी जवळ गेल्यावर तिने विचारले, “विंचवाची पिल्ले आईच्या पाठीवर बसतात, तेव्हा ती त्यांना चावत नाही का?” त्या दिवशी तिला किड्यांवरचे पुस्तक दिले, ते तीन दिवसांत परत आले आणि त्याच्या पानांवर तेलाचे डाग होते, म्हणजे ते जेवतानाही उघडे होते.

‘श्यामची आई’ थोर आहे, यात वाद नाही. परंतु साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकात श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री एक आठवण सांगतो. अशा ४२ रात्री आहेत. ते मुळातच ऐकण्याचे पुस्तक आहे. त्यामुळे आता संस्कार मागणाऱ्या पालकांना मी ते त्यांच्याच नावावर देते आणि रोज एक रात्र मोठ्याने वाचून दाखवायला सांगते. निम्मे पालक ते दुसऱ्याच दिवशी परत आणतात, ही गोष्ट वेगळी.

मुलाला मात्र मी “काय आवडते?” असे विचारतच नाही, कारण त्यावर मुले आपल्याला बरे वाटेल तेच सांगतात. “अर्धवट सोडलेले पुस्तक कोणते, आणि कुठे सोडलेस?” असे विचारले की खरे उत्तर मिळते, आणि ते मी त्या मुलाच्या नावापुढे वहीत टिपून ठेवते.

दुसरी चूक मलपृष्ठावरच्या वयोगटावर विसंबण्याची. ‘८ ते १२’ हा आकडा कपाट लावायला उपयोगी आहे, मूल ओळखायला नाही. सेमी-इंग्रजीतल्या सातवीच्या मुलाला जोडाक्षरे अडतात, तर चौथीतली एखादी मुलगी फास्टर फेणेचा फडशा पाडते. मी मुलाला बाजूला घेऊन एक पान वाचायला लावते. पाचापेक्षा जास्त वेळा अडखळले तर सोपे पुस्तक देते, परंतु ते सोपे असल्याचे त्याच्या मित्रांसमोर कधीही बोलत नाही.

व्हॉट्सॲपवर फिरणारी ‘मुलांनी वाचायलाच हवीत अशी १०० पुस्तके’ ही यादी छापून भिंतीवर लावणे हा शुद्ध आळस आहे. स्वतः न वाचलेले पुस्तक सुचवू नये. मुलांची पुस्तके पातळ असतात, दुपारच्या शांत वेळेत दोन सहज होतात. चित्रकथा मागणाऱ्या मुलाला ‘आता मोठा झालास’ असे ऐकवू नये. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला सर्वाधिक पुस्तके वाचणाऱ्याला बक्षीस ठेवले, तर मुले सर्वांत बारीक पुस्तके शोधतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

शेवटची चूक बांधणीची आहे. पुस्तके टिकावीत म्हणून आपण त्यांना तपकिरी रेक्झिन चढवतो, मुखपृष्ठ फेकून देतो आणि मुले कपाटाकडे फिरकत नाहीत म्हणून हळहळतो. मी बाइंडरला मूळ मुखपृष्ठ कापून वरून चिकटवायला सांगते. तो दर वेळी कुरकुरतो आणि पुस्तकामागे थोडे जास्त पैसे लावतो.