‘हैद्राबाद’ की ‘हैदराबाद’: हवं ते पुस्तक कुठल्या वाचनालयात आहे, हे शोधताना

अंबाजोगाईत मी वाचनालयाचं काम बघतो. आमच्याकडे नसलेलं पुस्तक कुणी मागितलं, की ‘नाही’ म्हणून त्याला परत पाठवणं माझ्या जिवावर येतं.

मागच्या महिन्यात एक विद्यार्थिनी मुक्तिसंग्रामावरची पुस्तकं शोधत आली. ऑनलाइन तालिकेत, म्हणजे ग्रंथालयाच्या पुस्तकयादीत, ‘हैदराबाद मुक्तिसंग्राम’ असं पूर्ण टाकून बसली होती. हाती दोनच नोंदी. मी ‘हैद्राबाद’ एवढंच टाकलं, यादी लांबली. मग ‘मुक्ति संग्राम’ तोडून, मग ‘मुक्ती’ दीर्घ करून, शेवटी रोमन लिपीत. प्रत्येक वेळी काहीतरी नवं निघालं. नोंदी करणारे हात वेगळे, आणि १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीची पुस्तकं मुखपृष्ठावर असतील तशीच चढवलेली: ‘कांही’, ‘नांव’. म्हणून पूर्ण नाव टाकू नका. एक ठळक शब्द घ्या आणि त्याची सगळी रूपं वहीत लिहून एकेक खोडत जा.

लेखकाचंही तेच. मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ ‘रामानंद’खाली, ‘तीर्थ’खाली किंवा ‘स्वामी’खालीही असू शकतात. मूळ आडनाव खेडगीकर, तेही टाकून बघा. रोमनमध्ये ‘तीर्थ’ची स्पेलिंगं तीन-चार होतात.

विद्यापीठांच्या ग्रंथालयांसाठी ‘इंडकॅट’ आधी उघडा. ही इन्फ्लिबनेट या केंद्राची भारतातल्या विद्यापीठांची एकत्रित तालिका, एकाच शोधात अनेक विद्यापीठं चाळता येतात. मग ‘वर्ल्डकॅट’, जगभरातल्या ग्रंथालयांची एकत्रित तालिका. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे जुन्या पुस्तकांसाठी हैदराबादची ग्रंथालयं विसरू नका.

तालुक्याची वाचनालयं मात्र या तालिकांत सहसा दिसत नाहीत. कुणी ‘ई-ग्रंथालय’ हे संगणक सॉफ्टवेअर वापरतं, कुणी ‘कोहा’, कुणाची अजून दाखल नोंदवहीच, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन हाताने लिहायची वही. तिथे फोनच करायचा. ऑनलाइन नोंद दिसली तरी फोन कराच. एकदा मी पहाटेच्या एसटीने शेजारच्या जिल्ह्यात गेलो. नोंद होती, पुस्तक कधीच बाद झालेलं. तेव्हापासून दाखल क्रमांक सांगतो आणि विनंती करतो, “ताई, जरा कपाटात बघून सांगता का? मी फोन धरून थांबतो.” पुस्तक हाताशी आहे असं कळलं, की आपल्या ग्रंथपालाचं सही-शिक्क्याचं पत्र घेऊन निघा. अनोळखी माणसाला पुस्तक सहसा मिळत नाही, पण वाचनालयाने वाचनालयाकडे मागितलं तर बहुतेक वेळा मिळतं.