कोळंबीच्या १९ जोड्या: कँब्रियन जीवाश्म वाचण्याआधीची तयारी

कोकणातल्या जांभ्यात किंवा काळ्या पाषाणात ट्रायलोबाइट (समुद्रातला, आता नामशेष झालेला संधिपाद प्राणी) शोधायला जाऊ नका, मिळणार नाही. संधिपाद, म्हणजे सांधेदार पायांच्या, प्राण्यांचे सुरुवातीचे, कँब्रियन काळातले जीवाश्म कॅनडातल्या बर्जेस शेल या खडकात (सुमारे ५० कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचे) आणि चीनमधल्या चेंगजियांगमध्ये (सुमारे ५१ कोटी ८० लाख) सापडले. ते समजून घ्यायचं साधन, म्हणजे कोळंबी, मात्र इथल्या बंदरावर रोज पहाटे येतं.

डोक्यासकट, निदान १५ सेंमी लांबीची कोळंबी घ्या. बाजारात पोचेपर्यंत मिशा आणि पाय तुटतात, म्हणून होडी लागते तिथूनच चार-पाच उचला. जवळा चालत नाही: इवलासा तर असतोच, शिवाय त्याला चालायच्या पायांच्या शेवटच्या दोन जोड्याच नसतात.

उकळत्या मिठाच्या पाण्यात दोन मिनिटं ठेवून गार करा. कच्च्या कोळंबीचं मांस सालाला धरून राहतं; जास्त उकळली तर सांधे ढिले होऊन पाय मधेच सुटतात.

आता शेपटीकडून तोंडाकडे या. फक्त डाव्या बाजूची उपांगं (पाय, जबडे, मिशा) सोडवा, म्हणजे प्रत्येक जोडीतलं एकेक. उजवी तशीच राहू द्या, घोळ झाला की तिच्याकडे बघता येतं. पाय टोकाला धरून ओढू नका, टोकदार चिमट्याने बुडाशी, अंगाला चिकटतो तिथेच धरा. क्रम असा: शेपटीच्या पंख्याचं १, पोहायचे पाय ५, चालायचे ५ (पुढच्या तिघांना बारीक नांग्या), तोंडाला मदत करणारे जबडापाय ३, पातळ जबडापत्रं २, खरा जबडा १, मिशा २. एकूण १९. पंख्यातला मधला टोकदार भाग आणि डोळे मोजायचे नाहीत. मोजणी १८ वर अडली तर बहुधा दोन जबडापत्रं एकमेकांना चिकटलेली असतात. बशीत पाणी घेऊन सुईने वेगळी करा. त्यांतल्या मागच्याला कल्ल्यांवर पाणी खेळवणारं पान असतं.

काळ्या पुठ्ठ्यावर पातळ केलेल्या फेविकॉलने ओळीने लावा, सावलीत वाळवा. पावसाळ्यात हे करू नका, बुरशी धरते. मुंग्यांची वेगळीच तऱ्हा: एका रात्रीत पुठ्ठा साफ. डबा घट्ट बंद हवा.

पोहायचा एक पाय भिंगाखाली पाहा: एका बुडाला दोन फाटे. ट्रायलोबाइटच्या पायालाही दोन फाटे होते, आतला चालायचा, बाहेरचा झालरीचा. फरक असा, की मिशा सोडल्या तर ट्रायलोबाइटचे पाय पुढून मागे जवळपास एकसारखे. कोळंबीत त्याच रांगेतून जबडा झाला, नांगी झाली, वल्हं झालं. पुठ्ठ्यावरची ओळ याच नजरेने वाचायची.

मग पुठ्ठ्यावरचे तुकडे मनातल्या मनात विस्कटून बघा, कारण जीवाश्म तसेच मिळतात. कॅनडात सापडलेल्या एका तुकड्याला १८९२ साली जीवाश्म-अभ्यासक व्हाइटीव्हज यांनी कोळंबीसारख्या प्राण्याचं धड समजून अॅनोमॅलोकॅरिस, म्हणजे ‘विचित्र कोळंबी’, असं नाव दिलं. १९११ मध्ये वॉलकॉट यांनी एका गोल तोंडाला जेलीफिश ठरवलं. असलं तोंड आणि असलं ‘धड’ एकाच जातीच्या मोठ्या शिकारी प्राण्याला असतात, ते धड म्हणजे तोंडापुढचं पकडायचं उपांग, हे १९८५ मध्ये व्हिटिंग्टन आणि ब्रिग्ज यांनी दाखवलं.

शेवटी ठसा घ्या. खाडीतला बारीक चिखल एका ताटलीत, पुळणीतली ओली वाळू दुसऱ्यात, दोन्ही २ सेंमी जाड. दुसऱ्या कोळंबीचा पोहायचा पाय दोन्हींत दाबून अलगद उचला. १ वाटी पाण्यात २ वाट्या प्लॅस्टर ऑफ पॅरिस भुरभुरवा (उलटं केलंत तर गुठळ्या होतात), कडेने ओता, अर्धा तास हलवू नका. चिखलातल्या ठशात फाटे उठतात, नशीब असेल तर केसांची झालरही. वाळूत नुसता खड्डा. बर्जेसचा गाळ चिखलाच्या जातीचा होता.