साथीच्या ड्यूटीला नव्याने लागणाऱ्या सिस्टर-ब्रदरसाठी

जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग करून नुकते वॉर्डात उभे राहणार असाल, तर साथीच्या काळातला ताण म्हणजे संसर्गाची भीती, असं तुमच्या मनात असेल. भीती असतेच, पण तिची सवय होते. माणसाला पिळून काढतो तो ऑक्सिजनचा हिशेब.

२०२१ च्या एप्रिल-मेमध्ये, दुसऱ्या लाटेत, मी जळगाव जिल्ह्यातल्या एका कोविड वॉर्डात होते. जम्बो सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर ऑक्सिजन असतो. मास्कवर मिनिटाला १० लिटर चालू असेल तर तो साडेअकरा तास जातो. तोच रुग्ण एचएफएनसीवर (नाकातून जास्त वेगाने ऑक्सिजन देणारं यंत्र) ६० लिटरला गेला की दोन तासही नाही. नाइटला औषधं देताना, सॅच्युरेशन लिहिताना डोक्यात हे गणित चालूच. ऑक्सिजनची गाडी यायला उशीर झाला तर कोणाचा फ्लो किती, हे डॉक्टर ठरवतात. पण खाटेजवळ उभी असते नर्स. खानदेशातल्याच नंदुरबारमध्ये तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड यांनी दुसऱ्या लाटेआधीच ऑक्सिजन प्लांट उभे करून घेतले होते. नर्सचा ताण अशा तयारीने कमी होतो, हे ध्यान-प्राणायामाची शिबिरं घेणाऱ्यांना मी नेहमी सांगते. (शिबिरही ड्यूटी सुटल्यावरच ठेवतात, हे वेगळंच.)

दुसरी गोष्ट उन्हाची. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो. त्यात पीपीई किट, वॉर्डातला एसी बंद. किट घातलं की पाणी नाही, बाथरूम नाही. म्हणून मुली ड्यूटीआधीच पाणी प्यायच्या बंद होतात आणि मग चक्कर, लघवीची जळजळ सुरू होते. असं करू नका. किट घालण्याच्या अर्धा तास आधी पोटभर पाणी प्या, बाथरूमला जाऊन या, उतरवल्यावर ओआरएस घ्या. पाळी असेल तर इन्चार्ज सिस्टरला सरळ सांगा, लाजू नका. मधेच गरगरायला लागलं तर जोडीदाराला सांगून बाहेर पडा. घाईत किट काढू नका, संसर्गाचा धोका तिथेच जास्त असतो.

किटमध्ये सगळे सारखेच दिसतात, म्हणून छातीवर मार्करने नाव लिहा. खेड्यातून आलेल्या आजीबाईंशी अहिराणीत बोला. मास्क ओढून काढणारी म्हातारी "घाबरू नको माय, मी आठेच शे" (मी इथेच आहे) एवढ्यावर शांत झालेली मी पाहिली आहे. नंदुरबारमधल्या धडगाव-अक्कलकुव्याकडे नोकरी लागली तर तिथल्या पावरी या आदिवासी बोलीची चार वाक्यं शिकून घ्या.

ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या सिस्टरकडे वॉर्ड सोपवताना, तोंडी सांगून निघू नका. कोणाचा फ्लो वाढवला, कोणत्या डॉक्टरांना किती वाजता कळवलं, हे वेळेसह लिहा. नातेवाईक बाहेर भडकलेले असतात, तेव्हा हीच नोंद तुमच्या बाजूने बोलते. मृत्यूची बातमी एकटीने देऊ नका, डॉक्टरांना सोबत घ्या.

झोप उडाली, जेवण जाईना, ड्यूटीच्या नावाने छाती धडधडायला लागली, तर मदत मागायला थांबू नका. २०२२ पासून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, मराठीतही बोलता येतं.

आणि कंत्राटी असाल तर नेमणुकीच्या ऑर्डरची झेरॉक्स घरी ठेवा, मुदत संपायच्या आधीच अनुभवाचा दाखला मागून घ्या. साथ ओसरली की सही करणारे साहेब जागेवर सापडत नाहीत.