विंडोज ११ वर मराठी कशी लावायची: मेनू, तारखा, कीबोर्ड आणि ‘ल’

नव्या लॅपटॉपवर पहिल्याच आठवड्यात मी ३ एप्रिलची बिलं ४ मार्चला चढवून बसलो. टाइप केलं होतं ०३/०४, पण मशीनवर पद्धत अमेरिकेची, तिथे महिना आधी. पद्धत बदलली तरी भरलेल्या तारखा काही सुधारल्या नाहीत. त्या एकेक करून हातानं नीट केल्या. म्हणून सांगतो, मेनूची भाषा, तारीख-आकड्यांची पद्धत (म्हणजे लोकेल) आणि कीबोर्ड ही तीन निरनिराळी कामं आहेत. पद्धतीचं काम आधी उरकून घ्या.

सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’, त्यात ‘लँग्वेज अँड रीजन’ उघडा. देश भारत ठेवा. ‘रीजनल फॉरमॅट’मध्ये मी ‘इंग्लिश (इंडिया)’ निवडतो: दिवस आधी येतो आणि स्वल्पविराम लाख-कोटीचे पडतात, १२,३४,५६७ असे. तिथे मराठीही निवडता येते, पण माझ्या एक्सेलच्या फायली चार ठिकाणी फिरतात, तेव्हा घरच्यापुरती हौस नको. (फोन मराठीत केला की घड्याळातले आकडे देवनागरी होतात आणि हिंदीत केला तर होत नाहीत, हे पाहिलंय का? युनिकोड म्हणजे सगळ्या लिपींसाठीची अक्षरसंकेतांची प्रमाण पद्धत; तिच्या सीएलडीआर या लोकेलच्या माहितीसाठ्यात मराठीचे मूळ आकडे देवनागरी धरलेत, हिंदीचे इंग्रजी.)

आता त्याच पानावर ‘ॲड अ लँग्वेज’ दाबून मराठी घ्या. कोकणी यादीत वेगळी आहे. मेनूही मराठीत हवे असतील तर आधी ‘सिस्टिम’मधल्या ‘अबाउट’मध्ये आवृत्ती बघा. ‘होम सिंगल लँग्वेज’ असेल तर मेनूची भाषा बदलत नाही. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच लॅपटॉपवर हीच असते. कीबोर्डला मात्र तिची आडकाठी नाही.

मराठीपुढच्या तीन टिंबांतून ‘लँग्वेज ऑप्शन्स’मध्ये जा. कीबोर्ड दोन प्रकारचे मिळतात: नुसता ‘मराठी’, म्हणजे इनस्क्रिप्ट, ज्यात प्रत्येक देवनागरी अक्षराची की ठरलेली असते, आणि ‘मराठी फोनेटिक’, ज्यात इंग्रजी अक्षरांत उच्चार टाइप करायचा. एकच ठेवा, नाहीतर विंडोज की आणि स्पेसबार दाबून भाषा बदलताना नको तो पुढ्यात येतो. रोज लिहिणार असाल तर इनस्क्रिप्टच शिका. पहिले पंधरा दिवस चिडचिड होते, पण ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक तिथे सरळ हाताखाली असतो. जे दाबलं की र, शिफ्ट-जे दाबलं की ऱ. पुढे डीवर हलन्त आणि तिरक्या रेघेच्या कीवर य. पहिल्या र नं रफार येतो, दुसऱ्यानं कोयत्यासारखा अर्धा र. समुद्र हवा की डोंगरातल्या खोल जागा, ते शिफ्टवर ठरतं!

राहिलं अक्षरांचं वळण. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानुसार मराठीत ल पाकळीयुक्त आणि श देठयुक्त हवा, पण पुष्कळ फाँट हिंदी वळण दाखवतात. काही फाँटांमध्ये दोन्ही वळणं असतात आणि मजकुराला मराठीची खूण असेल तरच आपलं उमटतं. लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस पॅकेजमध्ये ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’, मग भाषांच्या पानावर ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’समोर (देवनागरीसारख्या लिपींतल्या मजकुराची भाषा इथे ठरते) मराठी निवडा. तिथे बहुतेक हिंदी बसलेली सापडेल.

युनिकोडच्या आधीच्या फाँटांत टाइप केलेल्या जुन्या फायली यातल्या कशानंही वाचता येणार नाहीत. त्यांना कन्व्हर्टरच लागतो, आणि त्यातून बाहेर पडल्यावर सगळ्यात आधी ‘ऱ्य’ असलेले शब्द तपासा.